पर्समधले शस्त्र, मनातले अभय

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने एक छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ०.३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आणि वजनाला सुमारे ५०० ग्रॅम. स्त्रियांच्या पर्समध्ये सहज मावावे असा त्याचा आकार होता. दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत घालून ते दिले जाई. किंमत होती १,२२,३६० रुपये आणि नाव होते ‘निर्भीक’. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ज्या तरुणीवर अत्याचार झाला तिला देशाने ‘निर्भया’ म्हटले होते. शस्त्राचे नाव ऐकताच सर्वांना तीच आठवली. पुढे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने याहून लहान, ०.२२ बोअरचे, सुमारे २५० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बनवले. त्याचे नाव ‘निडर’.

ही दोन नावे विचार करण्यासारखी आहेत. शस्त्राला ताकदीचे किंवा वेगाचे नाव देता आले असते. इथे मात्र मनाच्या एका अवस्थेचे नाव दिले आहे. भय नसणे ही अवस्था साधकाला फार ओळखीची आहे, कारण तिच्यासाठीच तर आपण रोज आसनावर बसतो. मग ती दुकानातून विकत आणता येते का?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या कितीतरी साधक भगिनी शिक्षणासाठी, नोकरीसाठी घरापासून दूर राहतात. कोणी रुग्णालयात रात्रपाळी करते, कोणाचे ऑफिस रात्री दहाला सुटते आणि पुढे निर्जन रस्त्यावरून चालत जावे लागते. कोणाच्या मागे एखादा माणूस महिनोन्‌महिने लागलेला असतो. अशी एखादी ताई जेव्हा विचारते, “मी परवाना काढून एक लहानसे रिव्हॉल्व्हर जवळ ठेवले, तर माझी साधना भंगते का?” तेव्हा तिला दोन ओळींचा उपदेश करून भागत नाही. “अहिंसा परम धर्म आहे” एवढे बोलून आपण आपल्या सुरक्षित घरी निघून जावे आणि तिने एकटीने त्या रस्त्याने जावे, हे उत्तर होऊ शकत नाही. “घेऊन टाक, काळच तसा आहे” हेही उत्तर नाही. म्हणून हा विषय जरा सावकाश पाहू.

लहान असण्याची किंमत

आधी त्या वस्तूकडेच पाहू. शस्त्र निवडणाऱ्याला वाटते की जितके लहान तितके सोपे. प्रत्यक्षात उलटे आहे. गोळी सुटताना जो धक्का बसतो, तो जड शस्त्राचे वजन काही प्रमाणात पोटात घेते. शस्त्र हलके केले की तोच धक्का मनगटाला बसतो. नळी आखूड केली की नेम धरण्याच्या दोन खुणांमधले अंतर कमी होते. मग हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडेच जाते. मूठ लहान केली की सगळी बोटे तिच्यावर मावत नाहीत.

बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये एकदा चाप ओढला की घोडा मागे जातो, चक्र फिरते आणि मग गोळी सुटते. ही सारी कामे एका बोटाने करायची असल्याने चाप लांबवर आणि जोराने ओढावा लागतो. पुष्कळ लहान रिव्हॉल्व्हरमध्ये पाच किलोच्या आसपास जोर लागतो. शस्त्राचे स्वतःचे वजन अर्धा किलो आणि चापाला त्याच्या दहापट जोर! घाबरलेल्या, थरथरणाऱ्या हाताने हे करायचे आहे.

अमेरिकेत खिशातल्या रिव्हॉल्व्हरची परंपरा मोठी आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये पाच गोळ्यांचे एक आटोपशीर रिव्हॉल्व्हर काढले आणि ते इतके चालले की त्याच घाटाची रिव्हॉल्व्हरे आजही बनतात. तिथे तर तळहातात लपणारी, दोनशे ग्रॅमहून कमी वजनाची रिव्हॉल्व्हरेही मिळतात. त्यांतल्या काहींचा घोडा प्रत्येक गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तिथले अनुभवी प्रशिक्षक नवशिक्यांना सांगतात की अगदी लहान रिव्हॉल्व्हर हे सरावलेल्या माणसाचे हत्यार आहे, त्याने सुरुवात करू नये. बाळगायला जे सर्वांत सोपे, ते चालवायला सर्वांत अवघड.

हे वाचताना साधकाला आपलाच अनुभव आठवेल. एक लहानसा मंत्र कोणालाही पाठ होतो, खिशात घालून नेल्यासारखा तो कुठेही नेता येतो. पण प्रसंग येताच तो उपयोगी पडावा, यासाठी वर्षानुवर्षे रोज बसावे लागते. ज्याने सराव केला नाही त्याच्याकडे मंत्र असतो, मंत्राचे बळ नसते. शस्त्राचेही तसेच आहे. पर्समध्ये पडून राहिलेले रिव्हॉल्व्हर दिलासा देते, सामर्थ्य देत नाही. आणि जिथे सामर्थ्य नाही तिथला दिलासा माणसाला नको त्या गल्लीत नेऊ शकतो.

अहिंसा आड येते का?

आता मूळ शंका. अहिंसेचे व्रत घेतलेल्याने स्वसंरक्षणाचे साधन बाळगावे का?

अहिंसेचा विचार जैन आचार्यांइतका बारकाईने क्वचितच कोणी केला असेल. त्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी, घरातील नित्य कामांत होणारी ती आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायात होणारी ती उद्योगी आणि आक्रमण परतवताना घडणारी ती विरोधी. साधूने चारही सोडायच्या. गृहस्थाने मात्र संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची आणि उरलेल्या तीन शक्य तितक्या कमी करत न्यायच्या. मुंगीलाही जपणाऱ्या परंपरेने गृहस्थाचा स्वतःचे व आश्रितांचे रक्षण करण्याचा मार्ग बंद केलेला नाही. आपल्या स्मृतींमध्येही आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा अशा सहा जणांना ‘आततायी’ म्हटले आहे आणि त्यांचा प्रतिकार करण्याची मुभा दिली आहे.

आपला कायदाही हेच मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा अधिकार आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला अशा संकटांची वाजवी भीती असेल, तर हा अधिकार हल्लेखोराचा प्राण जाण्यापर्यंतही पोचतो. मात्र कलम ३७ त्याला मर्यादा घालते. संरक्षणासाठी जेवढी गरज आहे त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार उरत नाही. कायद्याने आखलेली ही रेषा साधकालाही मान्य व्हावी अशीच आहे. संरक्षण संपले की त्यापुढे जे सुरू होते तो सूड.

महात्मा गांधींनी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त आपल्या मोठ्या मुलाची एक शंका सांगितली आहे. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींवर जीवघेणा हल्ला झाला होता. “मी तिथे असतो तर काय करायला हवे होते?” असे मुलाने विचारले. त्यांचे उत्तर होते की बळ वापरून वडिलांना वाचवणे हेच त्याचे कर्तव्य ठरले असते. भ्याडपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय उरले, तर भ्याडपणा नको, असे त्यांनी तिथे स्पष्ट लिहिले. आणि याच गांधीजींनी २० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनासभेजवळ बाँब फुटल्यानंतरही प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही. दहा दिवसांनी त्यांचा प्राण गेला.

या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्या एकत्र वाचाव्यात. स्वतःचा प्राण संकटात घालून निःशस्त्र राहण्याचा निर्णय त्यांनी स्वतःसाठी घेतला. मुलावर तो लादला नाही. साधकाने इथून एक गोष्ट पक्की धरावी. अहिंसा मी माझ्या जिवावर पाळू शकतो, दुसऱ्याच्या जिवावर नाही. रात्री एकटीने घरी जाणाऱ्या ताईला निःशस्त्र राहण्याचा उपदेश करताना आपण कोणाच्या जिवावर अहिंसा पाळतो आहोत, हे आधी पाहायला हवे. म्हणून शास्त्राच्या आणि कायद्याच्या आधारे एवढे नक्की म्हणता येते: खरा धोका असलेल्या साधकाने रीतसर परवाना घेऊन स्वसंरक्षणाचे साधन जवळ ठेवले, तर केवळ तेवढ्याने त्याचे व्रत मोडत नाही.

वाघनखांच्या आधी

मराठी माणसाला लपवलेले लहान शस्त्र म्हटले की वाघनखे आठवतात. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली तेव्हा ती पाहायला मोठी गर्दी झाली. “महाराजांनीही शस्त्र लपवले होते ना?” असे कोणी विचारले, तर उत्तर होय असेच आहे.

पण त्या दिवशी वाघनखे ही तयारीतली शेवटची वस्तू होती. अंगरख्याखाली चिलखत होते, डोक्याला जिरेटोप होता, जिवा महालासारखा सोबती शेजारी होता आणि जावळीच्या रानात सैन्य दडलेले होते. भेटीची जागा महाराजांनी निवडली होती, समोरच्याचा स्वभाव त्यांनी जोखला होता. आपण परत आलो नाही तर राज्य कसे चालावे, याचीही व्यवस्था लावली होती. एवढे सगळे झाल्यावर मुठीत ती लहान वस्तू होती. आधीची तयारी वजा केली तर वाघनखे म्हणजे लोखंडाचे चार तुकडे.

छोटे रिव्हॉल्व्हर निवडायला निघालेला माणूस बहुतेकदा शेवटच्या वस्तूपासून सुरुवात करतो. कोणत्या रस्त्याने जायचे, कोणाला कळवून निघायचे, पाठलाग करणाऱ्याची तक्रार वेळीच लेखी द्यायची की नाही, मोठ्याने ओरडायला जीभ रेटते की नाही, पळण्याइतका दम शरीरात आहे की नाही, या गोष्टी तशाच राहतात आणि मॉडेलची तुलना सुरू होते.

हे शस्त्र कोणाला दिसते?

लपवलेले शस्त्र दुसऱ्याला दिसत नाही. ज्याच्याजवळ ते आहे त्याला मात्र ते सतत दिसत असते. शीख बांधवांची कृपाण उघड धारण केली जाते आणि संविधानाच्या अनुच्छेद २५ ने तिला धर्माचा भाग म्हणून मान्यता दिली आहे. ती पाहणाऱ्याला सांगते की या माणसाने दुर्बलांच्या रक्षणाचे व्रत घेतले आहे. ती धारण करणाऱ्यालाही आपले व्रत विसरता येत नाही, कारण सारे जग ती पाहत असते. पर्समधल्या रिव्हॉल्व्हरला असा साक्षीदार नसतो. मनात राग आला, अपमान झाला, वाहतुकीत कोणी शिवी दिली, तरी पर्सची चेन फक्त आपल्याला ठाऊक असते. तिथे साक्षी होण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. म्हणून शस्त्र जवळ ठेवणाऱ्याला ध्यानाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. ज्याला संतापाच्या पहिल्या लहरीतच आपला संताप दिसत नाही, त्याने काडतुसाला हात लावू नये. मद्य घेणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

आणखी दोन गोष्टी शांतपणे पाहायला हव्यात. पहिली, संकट कुठून येते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. त्याच्यासमोर आपण पर्स बाजूला ठेवून चहा घेत असतो. निर्जन रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी घेतलेले शस्त्र इथे उपयोगी पडत नाही. इथे लागते ते पहिल्याच चुकीच्या स्पर्शाला “नाही” म्हणण्याचे धैर्य आणि ते म्हटल्यावर आपल्यावर विश्वास ठेवणारी माणसे.

दुसरी गोष्ट, संकट घरातल्या शस्त्रातूनही येते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले, त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा बंदुकीने तिच्याच मालकाचा किंवा त्याच्या घरच्याचा घास घेतला. नैराश्याची लाट येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत हाताशी काय आहे, यावर पुष्कळदा जगणे-मरणे ठरते. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या मनावर असे सावट असेल, तर शस्त्र घरात न आणणे हेच स्वसंरक्षण. अशा वेळी जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. त्यात साधकाला कमीपणा नाही.

अभयाची कसोटी

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे. तिच्यात पहिला गुण आहे अभय. अहिंसा, सत्य, अक्रोध हे सारे त्यानंतर येतात. क्रम विचारपूर्वक लावलेला वाटतो. घाबरलेल्या माणसाची अहिंसा हतबलता असू शकते आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातले शस्त्र अविचार ठरू शकते. भय आधी पाहिले नाही, तर दोन्ही बाजूंनी घात होतो.

अभय म्हणजे बेफिकिरी नव्हे. धोका ओळखणारी सावधता ही देवाने दिलेली देणगी आहे, ती मारायची नाही. अभय म्हणजे त्या धोक्याने माझी बुद्धी ताब्यात न घेणे. बाराव्या अध्यायात भक्ताचे एक लक्षण सांगितले आहे, त्याचा आशय असा की ज्याच्यापासून लोकांना त्रास होत नाही आणि ज्याला लोकांपासून त्रास होत नाही तो भगवंताला प्रिय असतो. कसोटी दुहेरी आहे. मी जगाला घाबरत नाही, एवढ्याने भागत नाही. जगाला माझे भय वाटते का, हेही पाहायचे. पर्समध्ये शस्त्र आल्यापासून प्रत्येक अनोळखी चेहरा शत्रूसारखा दिसू लागला असेल, तर आपण ‘निर्भीक’ विकत घेतले आणि भीती घरी आणली.

म्हणून या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या साधकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

एक, माझी भीती कोणाची आहे? एखाद्या खऱ्या माणसाची आणि खऱ्या रस्त्याची, की बातम्या पाहून साचलेली?

दोन, शस्त्राआधीची सगळी तयारी मी केली आहे का?

तीन, याचा नियमित सराव करायला माझ्याकडे वेळ, पैसा आणि इच्छा आहे का? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे लागते आणि पोलीस चौकशी होते. पण परवाना मिळणे म्हणजे सराव होणे नाही.

चार, ते घरात कोणाच्या हाती लागू शकते?

पाच, उद्या मी ते चालवले आणि समोरचा माणूस मेला, तर कायद्याने मला निर्दोष सोडल्यावरही ते ओझे मी शांत मनाने वाहू शकेन का?

या सर्व प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिल्यावरही कोणाचा निर्णय ‘घ्यावे’ असा झाला, तर त्याला आपण कमी प्रतीचा साधक मानू नये. आणि ‘नको’ असा झाला तर त्याला भोळा म्हणू नये.

आपल्या हातातले दान

आपल्या परंपरेत अन्नदान, विद्यादान यांच्याही वर अभयदान मानले आहे. अभय मिळवायचे असते तसेच ते द्यायचेही असते, हे आपण विसरतो. एकट्या मुलीने आपल्या सुरक्षेसाठी लाखभर रुपयांचे लोखंड पर्समध्ये वाहावे, अशी वेळ तिच्यावर येते तेव्हा तिच्या भोवतीच्या आपण सर्वांनी ते दान द्यायचे राहून गेलेले असते.

साधक बंधू-भगिनींनो, सुरुवात आपल्या केंद्रापासूनच करता येईल. सायंकाळचा सत्संग संपतो तेव्हा कोण एकटे परत जाते आहे, हे पाहण्याची सेवा एकाने घ्यावी. एकाच दिशेला जाणाऱ्यांनी बरोबर निघावे. पोचल्यावर दोन शब्दांचा निरोप पाठवण्याची सवय लावावी आणि निरोप आला नाही तर फोन करावा. एखादी बहीण घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाबद्दल काही सांगू पाहत असेल, तर “असं कसं होईल, ते तर इतके चांगले आहेत” हे वाक्य ओठांवर येऊ न देता आधी ऐकावे. लागली तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे. मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लहानपणापासून शिकवावे की आपल्यामुळे कोणाच्या पावलांचा वेग वाढता कामा नये.

याला परवाना लागत नाही आणि वजनही नाही. आज सत्संग सुटल्यावर दाराशी दोन मिनिटे थांबावे आणि विचारावे, “ताई, तुम्ही कोणत्या बाजूला जाणार?”